सैल झाकणाची किटली

आमची मुंबईहून आणलेली इलेक्ट्रिक किटली माझ्या हातून जळाली. आज हे मी सरळ लिहिते आहे, पण तेव्हा चार दिवस मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या चार दिवसांत माझ्या घशाखाली नीट घास उतरला नाही.

आम्ही तेव्हा इस्रायलला, वाळवंटातल्या येरुहाम गावी राहत होतो. घरात माणसं चार. आमचे हे, सासूबाई, तीन वर्षांची मुलगी आणि मी. हे खाणीवर कामाला जायचे, पहाटे ट्रक यायचा न्यायला. मी शाळेच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचे, भांडी घासायचे. मुलीला बालवाडीत सोडून मी कामावर जायचे आणि दुपारी तिला घेऊनच परत यायचे. मधला सगळा वेळ घरात सासूबाई एकट्या असत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस समोर उभा राहिला की कोणीतरी आहे एवढं त्यांना कळे. कोण ते आवाजावरून.

पण चहा त्या स्वतः करायच्या. सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा. स्टोव्हला मी त्यांना हात लावू देत नसे, कारण मुंबईला असताना एकदा त्यांचा पदर पेटला होता. किटलीला मात्र विस्तव नाही. पाणी किती भरलं ते त्या बोट बुडवून बघत, वायर मागे खोचत, आणि पाटावर बसून कान देऊन ऐकत. आधी सू आवाज यायचा, मग गुरगुर, मग झाकण थाडथाड वाजू लागायचं. झाकण वाजलं की त्या भिंतीतली पिन काढत, वायर गुंडाळून खिळ्याला टांगत आणि मगच चहाची पत्ती टाकत. ह्या क्रमात कधी बदल नाही. खिळा हाताला लागेल असा, चौकटीच्या उजवीकडे, ह्यांनी मुद्दाम ठोकून दिला होता.

ती किटली सासऱ्यांनी घेतलेली. ते मुंबईला एका गिरणीत वायरमन होते. गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. बाकीच्या लोकांनी खुर्च्या, कपाटं घेतली. सासऱ्यांनी ही किटली घेतली. तांब्याची, वरून चकचकीत मुलामा, लाकडाची काळी मूठ. आम्ही इकडे यायच्या आदल्या वर्षी सासरे गेले. किटली आमच्याबरोबर पेटीतून आली, जुन्या लुगड्यात गुंडाळून. इथे आधी तंबूत होतो, मग पत्र्याच्या खोलीत, आणि वीज कुठेच नव्हती. तेवढी वर्षं त्या किटलीत आम्ही प्यायचं पाणी ठेवलं. मग सरकारने दोन खोल्यांचं घर दिलं, काही महिन्यांनी वीजही आली, आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "माझी किटली कुठाय गो?" इथल्या भोकात आपली मुंबईची पिन बसेना. वस्तीतल्या वायरमनने ती बदलून दिली. त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना चहा केला आणि स्वतः दोन कप प्यायल्या.

आता जळाली कशी ते सांगते.

रविवारची सकाळ होती. इथे आठवडा रविवारीच सुरू होतो. हे कधीच गेले होते. सासूबाई आपला चहा उरकून बाहेर पायरीवर उन्हाला बसल्या होत्या, सुपात मसूर घेऊन. खडे त्या बोटांनी शोधत. मी मुलीसाठी पेल्यात दुधाची पावडर घातली, किटलीत जेमतेम कपभर पाणी घातलं, खिळ्यावरची वायर काढून लावली. एवढ्यात मुलीच्या नाकातून रक्त यायला लागलं. वाळवंटातल्या कोरड्या हवेने मुलांना हे व्हायचं, पण त्या दिवशी ते थांबेचना. तिचा फ्रॉक भरला, माझा हात भरला. मी तिला उचललं आणि दवाखान्याकडे धावले. सासूबाईंना ओरडून सांगितलं, "आई, हिला नर्सकडे नेते!" त्या म्हणाल्या, "जा, जा, मी हाय."

नर्सने कापूस घालून, मान धरून रक्त थांबवलं. तिथूनच मी मुलीला बालवाडीत सोडलं आणि कामावर गेले. किटली माझ्या डोक्यात नव्हतीच.

दुपारी घरी आले तर दारातच करपलेला वास. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मला त्यांनी पावलांवरून ओळखलं.

"मी किटली जाळली," त्या म्हणाल्या.

मी आत गेले. टेबलावर किटली काळी पडलेली. तिच्याखालचं लाकूड ताटलीएवढं जळून कोळसा झालेलं. पिन त्यांनी वासावर येऊन, भिंत चाचपत उपसून काढली होती. आणि किटलीच्या शेजारी पेला होता, तळाशी दुधाची पावडर असलेला. तो पेला बघितला आणि मला सगळं कळलं.

त्या बाहेरच्या खोलीतून बोलत होत्या. "सकाळी चहा केला नि वायर काढायची विसरले असेन. मला वाटत होतं काढली. टांगली पण, असं वाटत होतं. पण टांगली असती तर जळली कशी?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण माझी नजर त्या जळक्या लाकडावरून हलेना. टेबल पेटलं असतं, पडदा पेटला असता, आणि आत न दिसणारं माणूस एकटं. माझ्या हातून काय झालं असतं हेच डोळ्यांपुढे येत होतं, आणि तोंडातून निघालं ते एवढंच: "असू दे, आई."

मग मी तो पेला धुतला. कोणी विचारायच्या आधी धुतला. हे लिहिताना आजही लाज वाटते.

संध्याकाळी हे आले. आईने स्वतःच सांगितलं. ह्यांनी टेबल बघितलं, किटली उचलून उलटी केली आणि परत जागेवर ठेवली. ह्यांचा स्वभाव शांत. आईजवळ बसून ते हळूच म्हणाले, "आई, तुला काही झालं नाही, हेच खूप. पण आता स्वयंपाकघरात तू काही करायचं नाहीस. चहा ही करून ठेवील थर्मासमध्ये."

"बरं बाबा," सासूबाई म्हणाल्या.

हो ला हो करणारी ती बाई नव्हती. तंबूत असताना रेशनच्या रांगेत हिब्रूचा एक शब्द न येता त्यांनी भांडून आपला नंबर परत मिळवला होता. त्या "बरं बाबा" म्हणाल्या आणि उठून भिंतीला धरत आपल्या खाटेवर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी किटली वायरमनकडे नेली. हा तोच माणूस, पिन बदलून देणारा, इराकमधून आलेला. त्याने खालचे स्क्रू काढून आतली कॉइल दाखवली. तारेचा नुसता कोळसा झाला होता. "हिचा पार्ट इथे नाही," तो हिब्रूत म्हणाला. "लंडनला लिही." आणि हसला. मला हसू आलं नाही.

त्या दिवशी चारला शेजारची मोरोक्कोची बाई नेहमीसारखी आली. तिच्या अंगणात पुदिना होता; रोज ओंजळभर घेऊन यायची. सासूबाई चहा करायच्या, ती त्यात पुदिना टाकायची, आणि दोघी तासभर बोलत बसायच्या. ही मराठीतून, ती आपल्या अरबीतून. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाची सून कशी, हे त्यांना एकमेकींचं कळतही असे. त्या दिवशी मी थर्मासमधून चहा ओतून दिला तर सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, मला बरं नाही." बाई दारातून पुदिना देऊन परत गेली. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी ती आलीच नाही.

आणखी एक गोष्ट झाली. गुरुवारी बेरशेबाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे सासूबाईंचा नंबर होता. ह्या नंबरासाठी आम्ही कितीतरी महिने थांबलो होतो. डॉक्टर तपासून ऑपरेशनची तारीख देणार होते. बुधवारी मी त्यांचं लुगडं काढून ठेवायला गेले तर त्या म्हणाल्या, "नको जाऊया. डोळे येऊन काय करायचंय आता मला?"

"असं काय बोलता, आई?"

"डोळे नाहीत त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण एक काम केलं का नाही केलं हेच मला आठवत नसेल, तर डोळे घेऊन काय करू? माझी आई शेवटी अशीच झाली होती. चूल पेटवून शेतावर निघून जायची. पोरांची नावं विसरली."

त्यांना डोळ्यांचं दुःख झालंय, किटलीचं दुःख झालंय, सासऱ्यांच्या आठवणीचं झालंय, असं मी समजत होते. त्या चार दिवस भलत्याच गोष्टीला भीत होत्या, आणि ती भीती त्यांना मी दिली होती.

ह्यांनी कसंबसं समजावून त्यांना तयार केलं. मला म्हणाले, "येताना एक किटली बघ. मिळाली तर आण. शनिवारी शब्बाथला विस्तव पेटवत नाही आपण, आधी गरम पाणी भरून ठेवायला बरं पडेल. पण वापरायची तू."

गुरुवारी मुलीला बालवाडीत सोडलं, कामावर सुट्टी सांगितली होती, आणि आम्ही सकाळच्या बसमध्ये बसलो. सासूबाई खिडकीशी. डोक्यावरून पांढरा पदर, हातात रुमालात बांधलेल्या दोन पोळ्या. बाहेर नुसते पिवळे डोंगर आणि मधून कुठे बदू धनगरांची शेळ्यामेंढरं. बस खडखडत होती. मी मनाशी ठरवलं होतं की घरी परत आल्यावर सांगू. मग ठरवलं, डॉक्टरकडून बाहेर पडल्यावर. मग त्यांनी विचारलं, "त्या डॉक्टरला सांगू का गो मी? डोक्याचं? का डोळ्यांचा डॉक्टर ते बघत नाही?"

मी म्हटलं, "आई, किटली तुम्ही नाही जाळलीत. मी जाळली."

बसच्या आवाजात ऐकू गेलं नाही की काय म्हणून मी परत सांगितलं. सगळं सांगितलं. मुलीचं दूध, नाकातलं रक्त, पेला. पेला धुतला तेही.

"थांब," त्या म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "मी वायर टांगली होती?"

"खिळ्यावर होती. मी तिथूनच काढली."

"गुंडाळून?"

"गुंडाळून."

"मला आठवत होतं," त्या म्हणाल्या. "मला आठवत होतं गो! टांगताना खिळ्याला बोट खरचटलं होतं. तेही आठवत होतं. पण मी माझंच खरं मानलं नाही." आणि मग त्यांनी मला दंडावर एक चापट मारली. चांगली जोरात. "मेले! चार दिवस! चार दिवस मी झोपले नाही. बाराखडी म्हणून बघत होते पडल्या पडल्या, येते का सगळी. नातवंडांची नावं म्हणत होते!"

पुढच्या बाकावरचा सैनिक मागे वळून बघायला लागला. मी रडत होते. सासूबाई रडत होत्या, का हसत होत्या, हे सांगता येत नव्हतं. तोंड पदरात होतं आणि खांदे हलत होते. सैनिकाने आपली पाण्याची बाटली पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली, दोन घोट प्यायल्या, तोंडावरून ओला हात फिरवला आणि त्याला मराठीत म्हणाल्या, "देव तुझं भलं करो. ही माझी सून. लबाड आहे." त्याला काय कळलं देव जाणे. मान हलवून हसला बिचारा.

त्यानंतर बेरशेबा येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. राग खरा होता, आणि मला तो हवासाच वाटत होता. उतरायच्या आधी फक्त एवढं म्हणाल्या, "घरी त्याला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"सांगते, आई."

"आजच."

डॉक्टरकडे दोन तास बसलो. डॉक्टरने दोन्ही डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, हिब्रूत माझ्याशी बोलला, आणि कागदावर उजव्या डोळ्याची तारीख लिहिली. मी विचारलं, "आई, चालेल ना ही तारीख?" तर त्या म्हणाल्या, "त्याला विचार, आधीची नाही का मिळत?"

तिथून आम्ही किटली बघायला गेलो. मुख्य रस्त्यावर विजेच्या सामानाचं एक दुकान होतं. दिवे, इस्त्र्या, रेडिओ. दुकानदार रुमानियाचा म्हातारा, नाकावर चष्मा. एक वाजायला आला होता. इथे दुकानं एकला बंद होतात आणि चारला उघडतात. तो शटरची काठी हातात घेऊनच उभा होता. मी हिब्रूत म्हटलं, "कुमकुम हवाय. विजेवरचा."

सासूबाईंनी माझी बाही ओढली. "कुंकू कशाला मागतेस? मी विधवा बाई."

"आई, हिब्रूत किटलीला कुमकुम म्हणतात."

"किटलीला?" त्यांना ते इतकं विचित्र वाटलं की त्या राग विसरून हसल्या. "आणि कुंकवाला काय म्हणतात? बादली?"

दुकानदाराने काचेच्या कपाटातून तीन किटल्या काढून टेबलावर ठेवल्या. पहिली परदेशी, उंच, आरशासारखी. दुसरी पांढऱ्या मुलाम्याची, निळ्या काठाची. तिसरी इथलीच, ॲल्युमिनियमची, बुटकी, पोट सुटलेली. अर्थातच तो पहिलीचं कौतुक सांगू लागला. मी ऐकत होते. मलाही तीच आवडली होती, खरं सांगायचं तर. जळलेल्या किटलीची भरपाई तिच्यासारखीच भारी वस्तू आणून करावी, असं मनात होतं.

"बाजूला हो," सासूबाई म्हणाल्या. "मला बघू दे."

त्यांनी पहिली जवळ ओढली. चोच कुठे, मूठ कुठे, वायर कुठे लागते, हे बोटांनी बघितलं. मूठ वरून आडवी होती. त्यांनी ती धरली, मग दुसरा हात चोचीच्या वर धरला. "वाफ कुठनं येणार? इथनं? मग ती माझ्या बोटांवर येणार." बाजूला सारली. दुसरी घेतली. तिचं तोंड इतकं लहान की हात आत जाईना. "पाणी किती आहे ते कळायचं कसं? नको." दुकानदार घड्याळाकडे बघत होता. मी त्याला हळूच सांगितलं, ह्यांना दिसत नाही. तो म्हणाला, "कळलं मला," आणि काठी खाली ठेवली.

तिसरीत त्यांचा अख्खा पंजा गेला. मूठ मागे होती, लाकडाची. वायर लावायची जागा मुठीच्या बरोबर खाली, चुकायलाच नको. त्यांनी झाकण बसवलं, काढलं, परत बसवलं. झाकण जरा सैल होतं. टिचकी मारली तर टिणटिण हललं.

दुकानदाराला वाटलं त्या खोट काढताहेत. घाईने म्हणाला, "ह्याचं झाकण जरा सैल आहे, खरं आहे. दुसरा पीस मागवून देतो. पुढच्या आठवड्यात या."

मी सांगितल्यावर सासूबाईंनी किटली पोटाशी धरली. "त्याला सांग, दुसरा नको. हीच. पण आधी पाणी उकळून दाखव म्हणावं."

"आत्ता?" दुकानदार म्हणाला. "एक वाजला, सव्ता." सव्ता म्हणजे आजी.

"सांग त्याला, न ऐकता मी घेणार नाही."

"न बघता म्हणायचंय का?" त्याने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "न ऐकता."

त्याने आमच्या दोघींकडे बघितलं, मग शटर अर्धं खाली ओढलं आणि किटली घेऊन आत गेला. नळाचा आवाज आला. पाणी भरून आणून त्याने ती आपल्या टेबलावर लावली. सासूबाईंना स्टूल दिलं. आम्ही तिघंही गप्प बसलो. बाहेर रस्ता ओस पडला होता. आधी काहीच नाही. मग बारीक सू आवाज. मग पोटातली गुरगुर, आमच्या जुन्या किटलीपेक्षा जरा घोगरी. सासूबाई मान तिरपी करून बसल्या होत्या. आणि मग ते सैल झाकण उडायला लागलं. थाडथाड, थाडथाड. सगळ्या दुकानात ऐकू येईल असं.

"हां!" सासूबाई म्हणाल्या. हात पुढे करून, चाचपत, त्यांनी स्वतः भिंतीतली पिन काढली.

दुकानदार मोठ्याने हसला. "वीस वर्षं मी लोकांना घट्ट झाकणं दाखवतोय," तो म्हणाला. उकळलेलं पाणी फुकट कशाला घालवायचं म्हणून त्याने काचेच्या तीन पेल्यांत चहा केला, बिनदुधाचा, साखरेचा खडा वेगळा. सासूबाईंनी रुमाल सोडून पोळ्या काढल्या, एक त्याला दिली. जेवणाच्या सुट्टीतला आपला अर्धा तास त्याने आमच्याबरोबर घालवला. बांधून देताना त्याने वायर वेगळी गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिली. आणि मला चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

परतीच्या बसमध्ये किटलीचा खोका त्यांच्या मांडीवर होता. मी घेते म्हटलं तर दिला नाही. पण बोलल्या. "रक्त थांबलं होतं ना लगेच पोरीचं?" एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "मीही विसरले असते तुझ्या जागी. पण लपवलं नसतं." मी म्हटलं, "हो, आई." पुढे त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा हे मुलीला घेऊन पायरीवर बसले होते. आईच्या हातात खोका बघून ते माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं. सगळं, पेल्यासकट. वाटलं होतं रागावतील. ते रागावले नाहीत. पायरीवरून उठले, आईजवळ गेले आणि तिच्या पाया पडले.

"मी तुला म्हणालो, काही करू नकोस म्हणून," ते म्हणाले. "चूक झाली, आई."

"चालतं," सासूबाई म्हणाल्या. "बाजूला सर. मला चहा टाकायचाय."

त्या चहा करायला आत गेल्या. त्यांनी बोट बुडवून पाणी बघितलं, वायर खोचली आणि पाटावर बसल्या. मी दारात उभी राहिले, आत गेले नाही. हे मात्र बाहेर खिशात हात घालून उभे होते. मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं, बंद केलेलं, तिकीट लावलेलं. वर लोद गावी राहणाऱ्या माझ्या नणंदेचा पत्ता. मी विचारलं, हे काय? ते खालच्या आवाजात म्हणाले, "ताईला लिहिलं होतं. आईला तुझ्याकडे घेऊन जा म्हणून. आपण दोघं कामावर, ती एकटी, काही झालं असतं तर? मंगळवारी लिहिलं. तीन दिवस पोस्टाच्या पेटीपर्यंत नेतोय आणि परत आणतोय."

मी चार दिवस एक गोष्ट लपवत होते, त्यातले तीन दिवस हेही एक लपवत होते, आणि तिघंही एका छपराखाली आपापल्या काळजीत एकटे होतो. त्यांनी पाकीट फाडलं. चार तुकडे केले, आठ केले.

"काय फाडतोस रे?" आतून आवाज आला. कान तिखट.

हे गोंधळले. मग सरळ आत गेले आणि सांगितलं.

आतून काही वेळ फक्त किटलीची गुरगुर ऐकू येत होती. मग सासूबाई म्हणाल्या, "टाकायचं होतंस की! आठ दिवस लेकीकडे राहून आले असते. तिकडे सिनेमाचं थेटर आहे म्हणे."

आम्ही तिघं हसलो. मुलगी का हसताय म्हणून विचारत राहिली, हिब्रूतून, आणि कोणाला तिला सांगता येईना.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं आणि चांगलं झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. सणाच्या दिवसांत नणंद येऊन त्यांना खरोखरच लोदला घेऊन गेली, चांगलं पंधरा दिवस ठेवायचं म्हणून. सहाव्या दिवशी त्या परत आल्या. आम्हाला निरोप आला होता म्हणून आम्ही स्टॉपवर उभे होतो. बस थांबली, दार उघडलं, आणि त्या दांडा धरून, पायरी बघत, स्वतःच्या स्वतः खाली उतरल्या.

"एवढ्यात आलात, आई?" मी विचारलं.

"काय करू तिथे?" त्या म्हणाल्या. "सगळी आठ वाजेपर्यंत झोपतात. आणि सिनेमा बघितला. सगळा वेळ पाऊसच पडत होता त्यात."

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, आणि मुलीच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाल्या, "ही तर माझ्या आईसारखी दिसते. कोणी सांगितलं नाही मला?"